घरगुती आहार अयोग्य असल्याने

दिवाळी अंकासाठी लेख हवा म्हणून फोन आला, तेव्हा संपादकांनी विषयही सुचवला. "फराळ खाऊनही वजन कसं वाढू द्यायचं नाही, असं काहीतरी हलकंफुलकं लिहा." मी म्हटलं, माझ्याकडे येणाऱ्या माणसांचं वजन घसरू न देणं हीच माझी नोकरी आहे, लिहिलं तर त्यावरच लिहीन. ते म्हणाले, "बरं, पण फार जड नको." हा लेख जड झाला असेल तर दोष त्यांचा नाही.

परळच्या एका धर्मादाय रुग्णालयात जिन्याखाली एक खोली आहे. एक वजनकाटा, एक मिक्सर, जाड-बारीक गाळण्या आणि मी, एवढा तिथला आहार विभाग. आहारतज्ज्ञ म्हटलं की लोकांना भात बंद करायला सांगणारी बाई दिसते. माझ्याकडची बहुतेक माणसं तोंडाच्या नाहीतर घशाच्या कर्करोगाची. शस्त्रक्रियेनंतर तोंड काही आठवडे बंद असतं. मग नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घालतात आणि जे काही खायचं ते त्या नळीतून जातं. भात, मुगाची डाळ, अंडं, दूध, केळं, तेल, सगळं शिजवून, वाटून, गाळून, पातळ करून मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचं. वर पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. हे दिवसातून अनेकदा. याला वॉर्डात सगळे 'फीड' म्हणतात.

दुसरा मार्ग डब्याचा. दुधातली प्रथिनं, साखर, तेल आणि जीवनसत्त्वं घातलेली भुकटी. पाण्यात कालवली की झालं. डब्याशी माझं वैर नाही. ज्याच्या पोटाला घरचं अन्न झेपत नाही, जो भाड्याच्या खोलीत एकटा पडलाय, त्याला मी स्वतः डबा लिहून देते. पण डब्याभोवती जे चालतं ते बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

आमच्या भागात आजाऱ्याला भेटायला जाताना पूर्वी शहाळं नेत, आता प्रोटीनचा डबा नेतात. तो फोडला जात नाही. तो शोकेसमध्ये बसतो आणि पुढच्या आजाऱ्याकडे जातो. लालबागच्या एका मजल्यावर एकच डबा इतक्या घरांत फिरलेला मी पाहिलाय, की त्याची मुदत त्याला नेणाऱ्यांच्या माणुसकीच्या बरीच आधी संपली होती. आणि जो फोडला जातो त्याचं वेगळंच. पदरच्या पैशांनी घेतलेला डबा पातळ कालवतात, जास्त दिवस पुरावा म्हणून. फुकट मिळालेला डबा घट्ट कालवतात, ताकद लवकर यावी म्हणून. पहिल्याचं वजन उतरतं, दुसऱ्याला जुलाब लागतात आणि मग त्याचंही उतरतं. डब्यावर काय छापलंय ते दोघंही वाचत नाहीत. डबा कुणाच्या पैशांचा आहे, ते मात्र दोघांना पक्कं ठाऊक असतं.

विम्याचे नियम बदलत गेले तशी माझ्या खोलीतली गिऱ्हाइकंही बदलली. उतारवयातही पॉलिसी मिळू लागली, हे चांगलंच झालं. पण पॉलिसीआधी तपासणी असते. गिरगावातले एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ इस्त्रीच्या शर्टात येऊन समोर बसले.

"दोन आठवड्यांचं डाएट द्या."

"साखर किती आहे तुमची?"

"ती विचारू नका. ती किती दिसायला हवी ते मी सांगतो."

"काका, असं करून साखर बरी होत नाही."

"मला बरं कुठे व्हायचंय? मला पास व्हायचंय." त्यांनी खिशातून तीन प्रकारच्या कॅप्सूल काढून टेबलावर मांडल्या. एक केसांसाठी, एक सांध्यांसाठी, एक कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. ज्या कंपनीची पॉलिसी हवी होती तिच्या ॲपवर रोज चालण्याचे गुण मिळाले होते, त्या गुणांत स्वस्त पडल्या म्हणून घेतल्या होत्या. चालून मिळवलेली तब्येत अशी गोळ्यांत वटवली जात होती. मी त्यांना डाएट दिलं नाही. ते म्हणाले, दुसरीकडे मिळेल. मिळालं असणार.

आता मुद्द्याचं. पूर्वी विमा रुग्णालयाच्या दारापर्यंत असायचा. वॉर्डात असताना डबा बिलात बसायचा. माणूस घरी गेला की तोच डबा 'खाद्यपदार्थ' ठरून बिलातून उडायचा. नळी मात्र नाकात तशीच. मग नियम सुधारले. आमच्या रुग्णालयाशी करार असलेली एक कंपनी घरच्या उपचारांचा खर्च देऊ लागली आणि त्यात नळीचा आहारही आला. मला इतका आनंद झाला की घरी जाताना मी बाबांसाठी पेढे नेले.

मग फॉर्म आला.

माझे वडील काळाचौकीत राहतात. नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर पत्रकं काढली. पाण्याच्या लायनीसाठी, बंद पडणाऱ्या दवाखान्यासाठी, पुनर्विकासातल्या लबाडीविरुद्ध. मला अक्षरं लागली ती छापखान्यातून आलेल्या ओल्या पत्रकांवर. त्यांच्या घड्या घालणं हे माझं बालपणीचं काम. बाबांची एक शिस्त होती. सही करण्याआधी प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचायचं, आणि जे मोठ्याने म्हणायला लाज वाटेल ते खोडायचं. म्हणून मी तो फॉर्म आमच्या विमा कक्षात उभी राहून मोठ्याने वाचला. "रुग्णास घरगुती आहार अयोग्य असल्याने खालील उत्पादनाची शिफारस करण्यात येत आहे." खाली आहारतज्ज्ञाच्या सहीची जागा.

विमा कक्ष म्हणजे नीलेश. हुशार मुलगा, पेशंटसाठी जीव टाकणारा, कंपन्यांशी फोनवर गोड बोलणारा.

"कोर्टात उभी आहेस का?" तो म्हणाला. "सही कर आणि दे."

"घरगुती आहार अयोग्य आहे असं मी कधी म्हटलं?"

"तू नाही म्हटलंस. ते छापलेलंच आहे."

"मग छापणाऱ्याने सही करावी."

"अगं, पेशंटला फुकट डबे मिळतायत. तुझ्या खिशातलं जातंय का काही?"

कंपनीचा हिशेब मला कळत होता. अन्नाचे पैसे विमा देत नाही, औषधाचे देतो. अन्न नापास झालं तरच डबा औषध होतो. म्हणून आधी अन्न नापास करायचं, आणि ते करणारं माणूस अन्नाचं शिकलेलं हवं. वाक्य निरुपद्रवी दिसतं. पण असा कागद हातात घेऊन घरी गेलेली बाई त्याच संध्याकाळी पेजेचं पातेलं बाजूला सारते. डॉक्टरांनीच लिहून दिलंय ना. नळी निघाल्यावरही घरचं परत सुरू करायला ती घाबरते, आणि अख्खं घर डब्यांवर जगू लागतं, डबे बंद झाल्यावर विकत घेऊन.

आणखी एक कारण होतं, ते मी नीलेशला सांगितलं नाही, इथे सांगते. दादरच्या शाळेत माझ्या डब्यात काय आहे ते पाहून शेजारी बसायचं की नाही हे ठरवणाऱ्या मुली होत्या. आमच्या घरचं अन्न अयोग्य ठरवायला त्यांना कुणाच्या सहीची गरज पडली नव्हती. माझ्या आजीला, पणजीलाही असे लोक भेटले होते. त्या घरातली मी शिकले, अन्नातच पदवी घेतली, आणि आता ते वाक्य छापून माझ्याकडेच सही मागत होते. मी करणार नव्हते.

ज्यांच्या पोटाला घरचं खरंच झेपत नव्हतं, त्यांच्या कागदांवर मी बेधडक सही केली. बाकीच्यांचे फॉर्म परत पाठवले आणि त्यांच्या बायकांना, आयांना, सुनांना मिक्सरसमोर उभं करून फीड शिकवलं. त्यातल्या काहींना ते जमलं नाही. त्यांनी विकतचे डबे पातळ करून दिले. त्या पेशंटांची वजनं मला आठवतात. ती मी इथे लिहिणार नाही, पण आठवतात.

अशात रमाकांत परब आले. लालबागच्या चाळीत राहणारे, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक. विमा नोकरीतूनच मिळालेला, आणि तोही त्याच करारवाल्या विमा कंपनीचा. गालाचा कर्करोग, शस्त्रक्रिया नीट पार पडलेली, नाकात नळी. एकच मुलगी, ती लग्न होऊन नाशिकला. त्यांची बायको सुलभाकाकू दादरला साड्यांच्या दुकानात विक्रीच्या कामाला. रजा टाकून नवऱ्यापाशी बसल्या होत्या. मी त्यांना खोलीत बोलावून सगळं करून दाखवलं. काका मागोमाग आले आणि स्टुलावर बसून मिक्सरकडे टक लावून बघत राहिले. मी म्हटलं, "काका, तुम्ही आराम करा."

घरी गेल्यावर चार-पाच दिवसांत दोघं परत आले. वजन ठीक होतं. तक्रार वेगळीच होती. काकांचं बोलणं टाक्यांमुळे जड झालेलं, एकेक शब्द ढकलत ते म्हणाले, "माका बांगडो होयो."

"काका, नळीतून चव कळत नाही. अंडं चालू आहे, प्रथिनं मिळतायत."

"ढेकर इलो की कळता."

मी काकूंकडे पाहिलं. "खरं सांगतात," त्या म्हणाल्या. "काल मुगाच्या डाळीचा ढेकर आला तर तोंड फिरवून बसले. माझ्यावर रुसलेत, मॅडम. ढेकरावरून."

माझ्या कोणत्याही पुस्तकात ढेकराचा धडा नव्हता. मी काकूंना दुसऱ्या दिवशी बांगडा आणायला सांगितला. उकडून, काटे दोनदा काढून, पेजेबरोबर वाटला. नारळाचं दूध, कोकमाचं पाणी, हळद. तिखट नाही. एक तिरफळ उकळून बाहेर काढलं. बारीक गाळणीतून आणि मग मलमलमधून गाळला. नळीतून सोडल्यावर आम्ही तिघं वाट बघत बसलो. बऱ्याच वेळाने काकांनी ढेकर दिला, डोळे मिटले आणि काही वेळ मिटूनच ठेवले.

"मीठ कमी," ते म्हणाले.

त्या आठवड्यात त्यांचं वजन थोडं वाढलं. लवकरच त्यांचं रेडिएशन सुरू व्हायचं होतं, ज्याला आमच्याकडे सगळे 'लाईट' म्हणतात. लाईट देताना मान जराही हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लास्टिकच्या जाळीचा मास्क बसवतात. तो प्रत्येकाच्या चेहऱ्याच्या मापाने बनवलेला असतो. माणूस वाळला तर मास्क सैल होतो. सैल झाला तर उपचार थांबवून नवा करावा लागतो, आणि त्या थांबलेल्या दिवसांचा फायदा फक्त कर्करोगाला होतो. काकांचा मास्क तयार झाला तेव्हा रेडिएशनचे डॉक्टर मला म्हणाले, "याचं वजन आता तुमच्या हातात."

ते काकूंच्या हातात होतं. आणि काकूंची रजा संपली.

जेवणाच्या सुट्टीत त्या दुकानातून तशाच आल्या, दुकानाच्या नावाचं जाकीट अंगात. "मॅडम, नीलेश म्हणतो तुम्ही सही केलीत तर डबे फुकट मिळतात."

"काकू, त्यांना घरचं उत्तम लागू पडतंय. ते अयोग्य आहे असं कसं लिहू?"

"नका लिहू. पण मग सकाळी उठून वाटायचं, गाळायचं, आणि दुपारी मी काउंटरवर असताना यांच्या नळीत कोणी सोडायचं, तेही सांगा. मालक म्हणतो, आणखी रजा हवी तर दुसरी बाई बघतो. तुम्ही तत्त्वाने वागता आणि मिक्सर मी धुते."

त्या रागावून बोलल्या असत्या तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. त्या दमून बोलल्या. मी फॉर्म घेतला, छापील वाक्य रेघ मारून खोडलं आणि वर माझं लिहिलं: "घरगुती आहार रुग्णास पूर्णपणे योग्य आहे. परंतु तो तयार करून देण्यास दिवसा घरात माणूस नाही. म्हणून डब्याची शिफारस करते." सही ठोकली. मला ते वाक्य फार आवडलं होतं. पत्रकातलं वाटत होतं.

नीलेशने कागद उलटापालटा केला. "हे पास होणार नाही."

"खरं आहे ते."

"म्हणूनच म्हणतोय."

उत्तर येईपर्यंत काकूंनी डबा विकत घेतला. सकाळी कालवून ठेवायच्या, दुपारी शेजारीण येऊन नळीत सोडायची. आणि सगळे करतात तेच काकूंनीही केलं. डबा पुरवायचा होता, चमचे अर्धे झाले. पुढच्या खेपेला काका काट्यावर उभे राहिले तेव्हा मी आकडा पाहिला आणि त्यांना खाली उतरवून परत उभं केलं. आकडा तोच होता. गळ्याशी शर्ट सैल झाला होता. डॉक्टरांनी मास्क लावून पाहिला. अजून बसत होता, पण गालाशी बोट शिरत होतं. "अजून उतरलं तर सुरुवातच करता येणार नाही," ते म्हणाले.

कंपनीचं उत्तर त्याच दिवशी आलं. आम्ही चौघं विमा कक्षात होतो. मी, नीलेश आणि समोरच्या बाकावर ते नवरा-बायको. नीलेशने वाचलं. आहारतज्ज्ञांच्या मते घरगुती आहार योग्य असल्याने डब्याची मागणी नामंजूर. त्याने माझ्यासमोर कोरा फॉर्म ठेवला. वाक्य जसंच्या तसं, खोडण्याआधीचं.

"आता तरी कर. हे बघ यांच्याकडे आणि कर."

मी पेन हातात घेतलं होतं, हे लपवत नाही. तत्त्व माझं होतं आणि गालाची हाडं परबांची दिसत होती.

नीलेश काकूंना समजावत होता. "मॅडमनी लिहिलं होतं हो चांगलं. हे बघा, 'तो तयार करून देण्यास दिवसा घरात माणूस नाही', पण कंपनीला..."

"काय लिवलां?" काका म्हणाले.

नीलेशने परत वाचलं.

काकांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "घरात माणूस नाय? मगे मी कोण?"

मग काकूंना हसू आलं, थांबेचना. "अहो, तुम्हाला चहा ठेवता येत नाही."

"लिफ्टीची मोटार खोलून जोडतंय मी. ह्यो मिक्सर तो काय?"

इतक्या वर्षांत मी त्या मिक्सरसमोर बायकांनाच उभं केलं होतं. पुरुष पेशंट, हातपाय धड, डोकं शाबूत, स्टुलावर बसून बघायचे आणि मी त्यांना आराम करायला सांगायचे. त्यांच्या घरच्यांना ते वावगं वाटत नसे, त्यांनाही नाही, आणि मला, जिला आपण सगळ्या जगाशी भांडतो असं वाटत होतं, मलाही नाही. कंपनीचं खोटं वाक्य खोडून त्याच्या जागी मी माझं खोटं लिहिलं होतं. ते मी मोठ्याने वाचलं नव्हतं. स्वतःचं होतं ना.

मी पेन ठेवलं आणि म्हटलं, "काका, चला खाली."

त्यांच्याइतका चौकस विद्यार्थी मला मिळाला नाही. किती पातळ हवं, हे मी हाताने दाखवायचे. त्यांनी सिरिंजमधून थेंब सोडून बघितला आणि म्हणाले, "गिअरातल्या तेलासारख्या नको, मशीनच्या तेलासारख्या होया." आजवर मला ते कुणालाही इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. नळी तुंबू नये म्हणून आधी कोमट पाणी, मागून कोमट पाणी, आणि नळी नाकाशी पक्की आहे ना हे प्रत्येक वेळी बघायचं. त्यांनी एकदा ऐकलं आणि परत विचारलं नाही.

चाळीत मात्र गाजलं. काकू सांगायच्या. गॅलरीतून येणाऱ्या-जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या, आणि समोरच्या खोलीतले एक निवृत्त गृहस्थ रोज विचारायचे, "काय परबानू, रांधूक लागलात?" चार दिवस काका गप्प राहिले. पाचव्या दिवशी हातात सिरिंज घेऊन दारात आले. "पोट माजा, नळी माजी. तुमी येतात भरूक?" त्यानंतर प्रश्न बंद झाला. काकू सकाळी फक्त बाजार करून ठेवायच्या आणि कामावर जायच्या. वजन थांबलं, मग चढलं. मास्क गालाला टेकला. लाईट सुरू झाली.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. घरचं अन्न जिंकलं, डबा हरला. पण तसं लिहिलं तर मीही एक जाहिरातच छापेन. लाईटच्या शेवटच्या आठवड्यांत घसा भाजून निघतो, मळमळतं, उभं राहवत नाही. फोडणीच्या वासानेही माणूस कोपऱ्यात जाऊन बसतो. त्या दिवसांत काकांना डबा लागणार होता आणि तो त्यांच्या विम्यात बसत होता. त्यांच्या नोकरीतून, त्यांच्या घामातून भरलेल्या विम्यात. तो मिळवायला त्यांना घरच्या अन्नाची बदनामी करावी लागू नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

मी परत फॉर्म घेतला, परत वाक्य खोडलं. या वेळी लिहिलं: "रुग्ण स्वतःचा आहार स्वतः तयार करतो. उपचारांच्या शेवटच्या टप्प्यात तो उभा राहू शकणार नाही. त्या काळासाठी डबा द्यावा. घरगुती आहार योग्य आहे व पुढेही राहील." हे मी मोठ्याने वाचलं, काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "चलात."

कंपनीच्या डॉक्टरांचा फोन आला. आवाज तरुण होता, माझ्याच वयाचा असेल.

"मॅडम, तुम्ही मूळ वाक्य तसंच ठेवा, मी आत्ता पास करतो."

"ते खोटं आहे."

"फॉर्म्युलेशन आहे ते. सगळे सही करतात."

"तुम्ही जेवलात का दुपारी?"

"हो. का?"

"घरचं?"

ते म्हणाले, "मॅडम, माझ्या हातात नाहीये."

"मग ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे पाठवा. त्यांनी नाही ऐकलं तर विमा लोकपालाकडे जाईन. पत्ता आहे माझ्याकडे." वरच्यांना पाठवायची तक्रार मी लिहिली आणि टाइप नीलेशने केली, दुपारचा चहा सोडून. त्याने फक्त एक बदल सुचवला. "'निर्लज्ज' काढ. बाकी राहू दे." मी काढलं.

रुग्णालयाच्या व्यवस्थापनाकडून मला समज मिळाली, की माझ्यामुळे दावे रखडतात आणि मी विमा कंपनीशी सहकार्य करावं. मी लेखी कळवलं, की मी पेशंटांशी सहकार्य करण्याचा पगार घेते. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही. हा लेख वाचून येईल कदाचित.

काकांचा घसा पूर्ण भाजला त्या आठवड्यात मंजुरी आली. विशेष बाब म्हणून डबे मंजूर, सदर निर्णय इतर प्रकरणांसाठी पायंडा मानण्यात येऊ नये. नीलेशने वाक्य मला मोठ्याने वाचून दाखवलं, आता त्यालाही सवय लागली होती. मग तो उठला आणि त्या पत्राच्या प्रती काढून आणल्या. प्रत्येक नव्या फॉर्मला आम्ही एक जोडतो. काही पास होतात, काही परत येतात. परत आलेले परत पाठवतो. ज्याला पायंडा मानू नका म्हणतात, त्याचा पायंडा पाडायला आम्हाला वेळ आहे.

डबे घरी गेले. काकूंचा हात फुकटच्या डब्याला लागला आणि चमचा शीग भरून वर आला. काका पलंगावरूनच म्हणाले, "सपाट." तेवढं बोलायलाही त्यांना त्रास होत होता. ते दिवस वाईट गेले. दोनदा ते मला म्हणाले, पुरे झालं, आता जात नाही. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी बाकावर नंबर लावून बसलेले दिसले. मी रोज विचारायचे, मास्क कसा आहे. ते अंगठा दाखवायचे.

शेवटच्या लाईटच्या दिवशी मी माझी खोली बंद करून खाली तळघरातल्या लाईटच्या विभागात गेले. काकू सुट्टी न घेता दुपारच्या वेळेत आल्या होत्या, तेच जाकीट अंगात. दार उघडलं आणि काका बाहेर आले, वाळलेले, काळवंडलेले, पण चालत. त्यांच्या गालावर, कपाळावर, हनुवटीवर जाळीचे वळ उठले होते. लाल, चौकोन चौकोन, अगदी ठळक.

काकू घाबरल्या. "हे काय, मॅडम? गाल बघा. भाजलं का?"

"नाही. मास्क रुतलाय. शेवटपर्यंत घट्ट बसला म्हणून."

त्यांनी नवऱ्याच्या गालावरून बोट फिरवलं, एका चौकोनावरून दुसऱ्यावर. आतल्या तंत्रज्ञाने मास्क आणून दिला. काम झालं की तो पेशंटला देऊन टाकतात. काकांच्या चेहऱ्याचा तो पांढरा जाळीदार साचा काकूंनी दोन्ही हातांत धरला आणि त्यांच्या खोलीतली सगळी जागा मनात धुंडाळली.

"हा आता घरात ठेवायचा कुठे?"

काकांनी घसा खाकरला. "मिक्सराच्या बाजूक," ते म्हणाले. "माज्या हत्यारांत."